आधी मुक्काम ठरवा, मग बॅग भरा

तुम्ही म्हापशाचे चौघे मित्र. नोव्हेंबरअखेर तीन दिवस गोव्याच्या पूर्व पट्ट्यातून, सत्तरी तालुक्यापासून काणकोणपर्यंत, जमेल तेवढं कच्च्या वाटेनं जायचंय. मोटारसायकली दोन एक्सपल्स, एक जुनी हिमालयन ४११ आणि एक केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर. हिमालयनवाला कच्च्या रस्त्याला नवा आहे. सामान कमीत कमी न्यायचं ठरलं, पण यादी करायला बसलात तर ती चाळीस वस्तूंवर गेली. तंबू, शेगडी, भांडी, पेट्रोलचा कॅन, कोयता, ड्रोन. आता यातलं काय गाळायचं, हा तुमचा प्रश्न.

माझं फोंड्याजवळ दुचाकींचं गॅरेज आहे आणि पाऊस सरला की मी लहान गट घेऊन याच बाजूला फिरतो. तुमची यादी दोनदा वाचली. ती चुकलेली नाही, फक्त ती गोव्यासाठी केलेली नाही. तसलं सामान लागतं ते लडाखला नाहीतर स्पितीला, जिथे पुढचं गाव दीडशे किलोमीटरवर असतं आणि रात्री पाणी गोठतं. आपलं अख्खं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटर, उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत शंभर-एक किलोमीटर. सत्तरीच्या कितीही आतल्या वाडीत अडकलात तरी तासा-दीड तासात कुठल्यातरी तिठ्यावर पाव-भाजी आणि चहा मिळतो. मग शेगडी कशासाठी?

म्हणून यादीतली एकेक वस्तू खोडत बसू नका. सामान ठरतं ते दोन गोष्टींवर: रात्री कुठे झोपणार आणि दुपारी कुठे जेवणार. दोन रात्री आणि तीन दुपारी, या पाच ठिकाणांची नावं कागदावर आली की अर्धी यादी तिथल्या तिथे गळते. ती नक्की नसतील, तर प्रत्येक जण 'असू दे, लागलं तर' म्हणत एकेक वस्तू कोंबतो आणि चौघांच्या चार 'असू दे'चे तीस किलो होतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. पाऊस लांबला तर नोव्हेंबरातसुद्धा वाळपईच्या पलीकडच्या वाटा चिखलात असतात आणि व्हाळांना, म्हणजे ओढ्यांना, पाणी असतं. तसं झालं तर खाली दिलेलं अंतर निम्म्यावर आणा. दुसरं म्हणजे हिमालयनवाला मित्र कितपत नवा आहे, ते मला इथून कळत नाही. गट नेहमी सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या वेगानं जातो आणि तुमचं दिवसाचं अंतर त्याच्यावरून ठरेल, तुमच्या एक्सपल्सवरून नाही.

आता वाटेबद्दल. इथे जरा थांबतो, कारण तुमच्या नकाशावरच्या लाल रेघा बघून मला काळजी वाटली.

गोव्याचा पूर्व पट्टा म्हणजे जवळजवळ सलग अभयारण्यं. वरून खाली येताना म्हादई, मग भगवान महावीर आणि त्याला लागून मोले राष्ट्रीय उद्यान, मग नेत्रावळी, शेवटी खोतीगाव. उपग्रहाच्या नकाशावर झाडीत ज्या बारीक तपकिरी वाटा दिसतात आणि ज्या जोडून तुम्ही 'ऑफ-रोड मार्ग' काढलाय, त्यातल्या बऱ्याचशा या अभयारण्यांच्या पोटात आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. त्यातून जाणारा सार्वजनिक रस्ता मात्र मोकळा आहे. म्हणजे आतल्या गावाला जाणाऱ्या डांबरी रस्त्यानं तुम्ही खुशाल जा, पण तिथून फुटलेल्या लाकूडवाटेत गाडी घातलीत की गुन्हा. 'आम्ही काही केलं नाही, नुसतेच फिरत होतो' हे तिथे चालत नाही. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीला वाघीण आणि तिचे बछडे मिळून चार वाघ मेलेले सापडले. तेव्हापासून त्या बाजूला जंगलखात्याची माणसं आणि गावकरीही अनोळखी गाड्यांकडे वेगळ्या नजरेनं बघतात, आणि ते बरोबरच आहे.

दूधसागरची जीपवाट यादीतून काढा. कुळ्याहून जाणारी ती वाट अभयारण्यातली आहे, तिथे परवान्याच्या जीपच जातात. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालायचा जो शेवटच्या संध्याकाळचा बेत लिहिलाय तोही काढा. किनाऱ्यावर वाहन नेणं गोव्यात गुन्हा आहे आणि खारं पाणी बेअरिंगचं काय करतं ते माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत दर मोसमात दिसतं.

खाणींचंही तसंच. डिचोली-सांगे भागातले खाणीचे लाल रस्ते आणि डंप, म्हणजे टाकाऊ मातीचे ढीग, व्हिडिओत मैदानासारखे दिसतात. त्यातले पुष्कळसे व्हिडिओ खाणी बंद होत्या त्या काळातले आहेत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या, नंतर लिलाव होऊन काही ठिकाणी काम परत सुरू झालंय. जिथे काल शुकशुकाट होता तिथे आज वळणावर ट्रक समोर येतो. आणि चालू असो नसो, जागा कोणाच्यातरी लीजची असते. डंपची कड पावसानं आतून पोखरलेली असते आणि तिच्याखाली पाण्यानं भरलेला खड्डा असतो. मी गट घेऊन तिथे जात नाही.

मग उरतं काय? बरंच उरतं. गावागावांना जोडणारी पाणंद, काजूच्या बागायतीतून जाणारी वाट (मालकाला विचारून, बहुतेक जण 'जावा' म्हणतात, फक्त फाटक परत लावायचं), सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, गुरांच्या वाटा, आणि पावसानं खाल्लेले जुने रस्ते ज्यांना डांबरी म्हणायला धीर लागतो. माझा अनुभव असा की तीन दिवसांत निम्मं कच्चं आणि निम्मं तुटकं डांबर मिळालं तर माणूस संध्याकाळी पुरेसा दमतो. देवराई दिसली तर मात्र गाडी बाहेरच. तिथल्या वाटेवर चाकाची खूण उमटलेली गावाला आवडत नाही आणि पुढच्या वेळी ते गाव आपल्याला चहाला विचारत नाही.

मी असा आखेन. पहिल्या दिवशी म्हापसा, डिचोली, साखळी, मग केरीला अंजुणे धरणाकाठी थांबून वाळपईच्या पलीकडची ठाणे-हिवऱ्याची बाजू. मुक्काम वाळपईच्या आसपास. दुसऱ्या दिवशी साकोर्डे, तांबडी सुर्ला, मोले, कुळे, काले, सांगे आणि साळावली धरणाच्या बाजूनं नेत्रावळी. हा सगळ्यात लांब दिवस. तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ कदंबांच्या काळातलं आहे. तिथे अर्धा तास बसा, तुमच्या मनगटांनाही विश्रांती मिळेल. मुक्काम नेत्रावळीत, तिथे घरगुती राहण्याची सोय होते. तिसऱ्या दिवशी रिवण, केपे, बार्से, गावडोंगरी करत काणकोणच्या चावडी गावाला उतरायचं आणि जेवून हायवेनं घरी. परतीचं डांबर ऐंशी-नव्वद किलोमीटर आहे. ते तिसऱ्या दिवशीच्या वेळेच्या हिशेबात धरा, कारण दमलेल्या माणसाची झोप करमल घाटातच येते.

परतीचं डांबर सोडलं तर दिवसाला ऐंशी ते शंभर किलोमीटरच्या वर जाऊ नका. ऐकायला थोडं वाटतं, पण कच्च्यावर ताशी वीस-पंचवीसचा वेग म्हणजे चांगला. त्यात थांबणं, वाट चुकणं, पंक्चर, कोणाच्या तरी अंगणातला चहा. सकाळी सहाला निघा, दुपारी साडेचारला गाड्या बंद. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि नेत्रावळीसारख्या डोंगरांच्या कुशीत त्याआधीच अंधारतं.

आता तंबू. तुमचं निम्मं भांडण त्यावरूनच आहे म्हणून स्पष्ट सांगतो: नेऊ नका. अभयारण्यात तो परवानगीशिवाय उभारता येत नाही, बाहेरची प्रत्येक जागा कोणाची तरी बागायत असते, आणि त्या दिवसांत दव इतकं पडतं की सकाळी ओला तंबू कालच्यापेक्षा जड होऊन बॅगेत जातो. शिवाय सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेत. हा ताप गोचिडीतून येतो, त्याचा मोसम साधारण डिसेंबर ते मे. पालापाचोळ्यात अंथरूण घालून झोपण्याची हौस त्या भागात नकोच. दिवसासुद्धा जंगलात पानांवर बसू नका, दगडावर बसा. पायांना गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल लावा आणि रात्री आंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागे नीट बघा.

झोपायला घरगुती सोय, ओळखीच्यांचं घर, किंवा देवस्थानाची अग्रशाळा, म्हणजे भाविकांसाठीच्या खोल्या. अग्रशाळेत आधी फोन करून विचारा, आणि तिथे मांस-दारू चालत नाही हे चौघांनाही निघायच्या आधी सांगा. त्या पट्ट्यात बऱ्याच वाड्यांवर नेटवर्क नाही. 'संध्याकाळी बघू' म्हणालात तर संध्याकाळी बघता येणार नाही.

मुक्काम छपराखाली ठरला की तंबू, चटई, झोपायची बॅग, शेगडी, भांडी, कोयता, कंदील हे सगळं गेलं. पेट्रोलच्या कॅनचा हिशेब करू. एक्सपल्सची टाकी १३ लिटरची. कच्च्यावर तिनं लिटरला २८ जरी दिलं तरी साडेतीनशेच्या पुढे जाते. तुमचा सगळा मार्ग घरापासून घरापर्यंत तेवढाच आहे, आणि वाटेत वाळपई, सांगे, केपे, चावडी इथे पंप आहेत. हिमालयनची टाकी १५ ची, केटीएमची १४.५. पाच लिटरचा कॅन मागे उंचावर बांधून तिथे साडेतीन-चार किलो वजन डुलवत न्यायचं काही कारण नाही. रोज सकाळी पहिल्या पंपावर टाक्या भरायच्या, एवढा एकच नियम.

ड्रोनबद्दल काय सांगू. अभयारण्याच्या आसपास तो उडवायचाच नाही. आणि चार्जर, बॅटऱ्या, डबा धरून त्याचं वजन माझ्या सगळ्या हत्यारांएवढं होतं.

एक गोष्ट मात्र उलटी आहे. पाठीवरचं आणि गाडीवरचं कमी करायचं, अंगावरचं नाही. तुमच्या यादीत गुडघ्याचे पॅड 'ऐच्छिक' आहेत आणि बुटांच्या जागी 'स्पोर्ट्स शूज' लिहिलेत. ते तेवढं बदला. कच्च्यावर माणूस पडतो ते बहुधा ताशी दहा-पंधराच्या वेगात, आणि गाडी पायावर येते. हिमालयन भरल्या टाकीनिशी दोनशे किलोच्या आसपास आहे. घोट्याच्या वर येणारे कडक बूट, गुडघे, कोपरं, हातमोजे, पूर्ण हेल्मेट. नवा मित्र हे घ्यायला तयार नसेल तर त्यानं पहिल्या दिवसापुरतं वाळपईपर्यंत डांबरावरून यावं.

कपड्यांचं सोपं आहे. गाडीवरचा एक जोड आणि रात्रीचा एक सुका जोड. मोजे दोन जोड. रोज संध्याकाळी बनियन-मोजे धुवून टाकायचे. आपल्या दमट हवेत जीन्स दोन दिवसांत वाळत नाही, खेळाडू घालतात तसली पातळ जर्सी रात्रीत वाळते. रात्रीचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. दिवसभर कितीही भिजलात तरी तो सुका राहिला पाहिजे.

पाणी प्रत्येकी दोन लिटर अंगावर, आणि ते दिवसातून दोनदा भरायचं. गोव्यात थंडी म्हणजे सकाळी आठपर्यंत. अकरानंतर हेल्मेटात घाम डोळ्यांत उतरतो. ओआरएसच्या पुड्या चार न्या, त्यांना वजन नाही. पाठीवरच्या पिशवीत पाणी, फोन, पैसे, कागदपत्रं यापलीकडे काही नको. पाठीवर हत्यारं घेऊन पडणं म्हणजे मणक्यावर पडणं.

हत्यारांत खरी बचत होते ती वाटून घेण्यानं. चौघांनी चार सेट आणायचे नाहीत, गटाचा एकच सेट. पण आधी एका संध्याकाळी चारही गाड्या एकत्र उभ्या करा आणि त्या सेटनं प्रत्येकीचं पुढचं आणि मागचं चाक, चेन आणि स्पार्क प्लग खोलून बघा. जो पाना चारांपैकी एकाही गाडीला लागला नाही तो घरी, जो कमी पडला तो आत. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पोरांच्या बॅगेत बत्तीस तुकड्यांचा सेट असतो आणि मागच्या अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, पाना नसतो.

ट्यूबचं गणित बघा. दोन्ही एक्सपल्स आणि हिमालयन, तिघींचं पुढचं चाक २१ इंची आणि टायर ९०/९०. म्हणजे तिघींत दोन २१ इंची ट्यूब पुरतात. मागच्या चाकाची ट्यूब फाटली तर हीच ट्यूब मागच्या टायरात घालून मुक्कामापर्यंत पोचता येतं. १८ किंवा १७ इंची ट्यूब २१ च्या चाकात मात्र बसत नाही, म्हणून न्यायची ती मोठी. केटीएमला ट्यूबलेस टायर आणि अलॉय चाकं. तिला टायरच्या भोकात बसवायच्या रबरी प्लगचं किट वेगळं. ट्यूबवाल्यांना ठिगळाचं किट, तीन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या) आणि एक हातपंप. सिलिंडरची गॅसवाली हवा संपते, पंप संपत नाही.

पंक्चर कसं काढायचं ते निघायच्या आधी अंगणात करून बघा, कारण व्हिडिओत जे दोन मिनिटांत होतं ते दुपारी दोनच्या उन्हात होत नाही. सगळ्यात जड काम टायरची कड रिंगपासून सोडवणं. पायानं दाबून ती सुटत नाही. चाक काढून जमिनीवर आडवं ठेवा, दुसरी गाडी शेजारी आणा, तिच्या साइड स्टँडचा पाय टायरच्या कडेवर, रिंगला लागूनच टेकवा, आणि गाडी सावकाश त्या बाजूला कलवा. कड 'टक्' करून खाली बसते. मग समोरची बाजू. लिव्हर घालताना पलीकडची कड रिंगच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्यानं दाबून ठेवा, नाहीतर जोर लावून लिव्हर वाकेल पण टायर येणार नाही. ट्यूब बाहेर काढली की आधी भोक बघा. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असतील तर काटा-खिळा काही नाही. हवा फार कमी होती आणि दगडावर आपटून ट्यूब रिंगमध्ये चिमटली. एकच भोक असेल तर टायरच्या आतून बोटं फिरवून काटा शोधा. तो आतच राहिला तर नव्या ट्यूबलाही पाच मिनिटांत तेच. बोटं सावकाश फिरवा, तार असेल तर कापते. नवी ट्यूब घालण्याआधी तिच्यात थोडीशी हवा भरा, म्हणजे तिला घडी पडत नाही आणि लिव्हरखाली सापडत नाही. शेवटी चौघांपैकी एकानं टायरच्या कडेची रेघ सगळीकडे सारखी दिसते का ते बघायचं.

हवेचंही यावरूनच कळेल. जांभ्याची बारीक खडी पसरलेल्या चढावर कडक टायर छर्ऱ्यांवर ठेवल्यासारखा निसटतो, म्हणून हवा कमी करावी लागते. पण आपल्याकडचा जांभा धारदार पायऱ्यांसारखा उभा असतो आणि ट्यूब असलेल्या चाकात फार उतरवलीत तर चिमटा ठरलेला. सामान लादलेल्या गाडीला मी २०-२२ पीएसआय ठेवतो आणि १८ च्या खाली जात नाही. डांबरावर आलात की परत भरा. झाडीतल्या जांभ्यावर शेवाळ असतं. तिथे पुढचा ब्रेक विसरा, गाडी सरळ ठेवा आणि पाय खुंटीवरच राहू द्या.

उरलेलं पटकन. क्लचची वायर प्रत्येक गाडीची वेगळी, म्हणून ती ज्याची त्यानं आणायची. जुन्या वायरीच्या शेजारून नवी आधीच ओवून टेपनं बांधून ठेवा, म्हणजे तुटली की फक्त टोकं बदलायची. चेनचं लॉकही ज्याचं त्याचं. क्लच आणि ब्रेकची एकेक जादा दांडी. दांड्यांचे क्लॅम्प पक्के आवळू नका, हातानं जोर लावल्यावर फिरतील इतपत ठेवा. मग गाडी पडली तर दांडी फिरते, मोडत नाही. फ्यूज, एक प्लग, केबल टाय मूठभर, जाड टेप, पातळ तार, आणि एम-सील. इंजिनच्या खालच्या झाकणाला दगड लागून चीर गेली तर तेल पुसून एम-सील लावा, वाळू द्या, घरी पोचता. औषधांची पेटी एकच. पट्ट्या, जखम धुवायचं औषध, क्रेप बँडेज, पॅरासिटामॉल, ज्याची त्याची रोजची गोळी. साप चावला तर पेटीतलं काही उपयोगाचं नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अवयव हलू न देता वाळपई किंवा जवळचं आरोग्य केंद्र गाठा, १०८ ला फोन करा. पुढची सोय बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात होते.

हे सगळं बांधून गाडीमागे दहा किलोच्या आत बसलं पाहिजे. लोखंडी पेट्या नकोत, कापडी बॅगा घ्या. जड वस्तू सीटच्या अगदी लगत आणि खाली, हलकं मागे. बांधून झालं की बॅग धरून गाडी हलवा. गाडी हलली पाहिजे, बॅग वेगळी हलता कामा नये. पट्ट्यांची लोंबती टोकं टेपनं बसवा. मागच्या चाकात गेलेली पट्टी माणसाला पुढे फेकते.

रस्त्यावर चालायची पद्धत चौघांनी आधीच ठरवा, ती ठरली की नेटवर्कची गरज पडत नाही. ज्याला वाट माहीत तो पुढे. सगळ्यात अनुभवी तो शेवटी, आणि हत्यारं त्याच्याकडे. पुढे नाही, शेवटी, कारण जो थांबलाय त्याच्याजवळ तो आपोआप पोचतो. फाटा आला की दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीनं तिथे थांबायचं, शेवटचा दिसेपर्यंत हलायचं नाही. नवा मित्र तिसरा. लाल धुळीत एकमेकांच्या मागे चिकटून जाऊ नका. व्हाळ ओलांडायच्या आधी कोणीतरी चालत जाऊन यायचं. पाणी अ‍ॅक्सलच्या वर असेल तर दुसरी वाट. गाडी पाण्यात आडवी होऊन बंद पडली तर सेल्फ मारू नका. आधी प्लग काढून, एअर फिल्टर बघून, आत शिरलेलं पाणी काढायचं.

पैशांचं एकच पाकीट, एकाकडे. वाटेतल्या दुकानात यूपीआय चालेलच असं नाही, रोख ठेवा. आणि दारू गाड्या बंद झाल्यावर. गोव्यात हे सांगायला नको असं वाटतं, पण सांगावं लागतं.

यापुढे तुम्हाला एक काम. आख्ख्या सहलीआधी एका शनिवार-रविवारी हेच सामान, हेच बांधलेलं, घेऊन वाळपईपर्यंत जाऊन एक रात्र राहून या. परत आलात की चारही बॅगा एका चादरीवर ओता आणि दोन ढीग करा: वापरलं आणि नाही वापरलं. न वापरलेल्या ढिगातून फक्त हत्यारं, ट्यूब, औषधं आणि पावसाचा कोट परत घ्यायचा. बाकी राहू द्या. कुठली वस्तू गाळायची यावर तुमचं जे भांडण चाललंय ते त्या चादरीवर मिटतं, माझ्या सांगण्यानं नाही.

थोडक्यात: अभयारण्यातल्या वाटा नकाशावरून पुसा, दोन मुक्काम फोन करून पक्के करा, परतीचं डांबर सोडून दिवसाला शंभरच्या आत राहा, बूट आणि गुडघे घ्या, हत्यारं चौघांत एकच सेट.

आणि हिमालयन जुनी आहे म्हणालात. तिचं पुढचं चाक जमिनीपासून उचलून हँडल डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवून बघा. मध्यावर आल्यावर कुठेतरी खाच लागल्यासारखं अडकत असेल तर स्टेअरिंगचं बेअरिंग गेलंय. ते आठवडाभर आधी बदलून घ्या, आदल्या दिवशी नको, कारण नवं बेअरिंग थोडं चालल्यावर पुन्हा एकदा आवळावं लागतं. स्पोकही तेव्हाच बघून घ्या. एका पान्यानं हलकेच एकेक वाजवत जा, जो बद्द वाजेल तो ढिला.